मालकाचं मत

मराठी माणसाने नवी गाडी घेतली की त्याला तीन प्रश्न विचारले जातात. ऑन रोड किती पडली? ॲव्हरेज किती देते? आणि माणसं किती बसतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण दोन लाख कमी करून देतो, दुसऱ्याचं दोन किलोमीटर वाढवून. तिसऱ्याचं मात्र खरं द्यावं लागतं, कारण आकडा ऐकताच विचारणारा पुढच्या रविवारचा बेत सांगायला लागतो.

आमच्या गाडीत सात माणसं बसतात. तीन रांगा आहेत: पुढे दोन, मधे दोन, मागे तीन. चौथा प्रश्न, ‘मग, कशी वाटते गाडी?’, हा बोरिवलीत फक्त शिष्टाचार म्हणून विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता विचारणारा टायरला पायाने टोचून बघतो. हा लेख म्हणजे त्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव सांगत नाही. या गाडीबद्दल माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या सगळ्या नातेवाइकांबद्दल आहेत, आणि त्यात कंपनीचा काही दोष नाही.

मोठ्या गाडीची ओढ आमच्या घरात जुनी, आणि तिचं मूळ छोट्या गाडीत आहे. माझ्या लहानपणी काकांकडे कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली फियाट होती. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगला असायचा आणि पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत एकसंध. त्यामुळे पुढे काकांसकट तीन मोठी माणसं, मागे चार, आणि मुलं मोजायची पद्धतच नव्हती. ती ज्याच्या मांडीवर मावतील त्याला वाटून टाकायची. गावी गेलं की एसटी स्टँडवरून वडाप. तिथे ड्रायव्हरसुद्धा अर्धा दाराबाहेर बसायचा आणि ‘आता गाडी भरली’ असं म्हणायचा अधिकार कुणालाच नव्हता. पुढे १९९४ मध्ये टाटांची सुमो आली, २००० मध्ये टोयोटाची क्वालिस, २००५ मध्ये इनोव्हा. वऱ्हाडं म्हणू नका, शिर्डी म्हणू नका, या सगळ्यांत आम्ही बसलो. सुमोच्या मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा भिडवून बसलो. पण मागे कुणी बसायचं यावरून घरात वाद झाल्याचं मला आठवत नाही. जो उशिरा आला तो मागे, आणि मळमळायला लागलं तर आधी सांगायचं, एवढेच नियम.

पुढे गाडी आलिशान झाली आणि रांगेला भाव आला.

२०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका झटक्यात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. देशभर गाजलं ते. आमच्या घरात सहा माणसांनी एकत्र येऊन एक गाडी घ्यायची ठरवली, तर त्याला औरंगाबादकरांपेक्षा नक्कीच जास्त वेळ लागला. मुलीला रंग हवा होता, मुलाला पडदा मोठा हवा होता, आईला चढायला पायरी हवी होती, बायकोला सगळे एकत्र जाता येईल अशी गाडी हवी होती, आणि बाबांना गाडीच नको होती. पण शोरूमला जायला सर्वांत आधी तयार होऊन तेच निघाले.

बाबांची सगळी नोकरी बोरिवली–चर्चगेट लोकलने झाली. सीट म्हणजे काय याबद्दलची त्यांची मतं फलाटावर पक्की झालेली आहेत. सेल्समनने त्यांना मधल्या रांगेत बसवलं आणि तो म्हणाला, “सर, या कॅप्टन सीट्स. एकदम बिझनेस क्लास.” मग त्याने एक बटण दाबलं. पाठ मागे गेली, पायांखालून एक गुबगुबीत फळी वर आली, आणि बाबा छताकडे बघत आडवे झाले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “असं झोपल्यावर स्टेशन कुठलं आलं ते दिसणार कसं?”

सेल्समन हसला. बाबा उठून बसले आणि दोन खुर्च्यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, “हे काय?”

“सर, मागच्या रांगेत जायला वाट आहे.”

“म्हणजे रिकामीच?”

“हो सर.”

“अहो, इथे चौथी सीट आरामात होते.”

ज्यांनी वेस्टर्न रेल्वेवर तीनच्या सीटवर चौथे म्हणून अर्ध्या मांडीने प्रवास केला आहे, त्यांना बाबांची हळहळ कळेल. तोवर आईने छत उघडताना पाहिलं. आख्खं छप्पर काचेचं, आणि ती काच सरकून मागे जाते. याचे वेगळे पैसे आहेत हे कळल्यावर ती म्हणाली, “गिरगावच्या खोलीत पावसाळ्यात असंच आभाळ दिसायचं. ते बुजवायला आपण पैसे दिले होते.”

पैशांचं म्हणाल, तर एसयूव्ही कशाला म्हणायचं याबद्दल माणसामाणसांत मतभेद असतील, जीएसटीच्या खात्यात नव्हते. लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन पंधराशे सीसीच्या वर, आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त: या तिन्ही गोष्टी जमल्या की २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस. आमच्या गाडीला तिन्ही जमल्या. त्यावर राज्याचा एकरकमी वाहनकर, वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के. गाडीतल्या सात सीटांपैकी निदान दोन तरी सरकारच्या आहेत, असं मी तेव्हा घरात म्हटलं. बाबा म्हणाले, “मग त्यांना मागे बसव.” पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि सरसकट ४० टक्के झाले. त्या दिवशी मला जेवढे फोन आले तेवढे गाडी घेतली तेव्हाही आले नव्हते. प्रत्येकाचं वाक्य एकच होतं: “थोडं थांबायला हवं होतंस.”

गाडी घरी आली. घरी म्हणजे वझिरा नाक्याजवळच्या आमच्या सोसायटीच्या स्टिल्टखाली. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत पार्किंगची दोन मापं आहेत. मोठ्या गाडीला अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब. छोट्या गाडीला २.३ रुंद आणि ४.५ लांब. आमच्या वाट्याला जी जागा आहे ती छोटी. गाडी पावणेपाच मीटर लांब. हा हिशेब मी घरी केला होता, पण पाव मीटर हा आकडा कागदावर फार किरकोळ दिसतो. तो खरा केवढा असतो ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टेप लावून दाखवलं. दहा इंच.

इथे थोडा कायदा सांगायला हवा. आमच्या शेजारच्या दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला, की स्टिल्टखालची आणि मोकळ्या आवारातली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. ती सामाईक जागा, तिचं काय करायचं ते सोसायटीने ठरवायचं. निकाल अत्यंत न्याय्य आहे. फक्त सुप्रीम कोर्टाने आमची सर्वसाधारण सभा पाहिलेली नसावी.

सभेत विषय क्रमांक सहा होता: ‘मोठ्या गाड्यांबाबत’. अनेकवचन सौजन्यापोटी, मोठी गाडी एकच होती. काकांनी टेप उघडून सभेला दहा इंच दाखवले. सामाईक जागेत अतिक्रमण, असा शब्द त्यांनी वापरला. एका सभासदाने बंपर काढून घरी ठेवता येतो का, असं विचारलं. दुसऱ्याने सुचवलं की गाडी तिरकी लावावी. मग तो स्वतःच उठून भिंतीपाशी तिरका उभा राहिला आणि त्यालाच ते पटलं नाही. तिसऱ्याला याच सभेत गच्चीतल्या गळतीचं बोलायचं होतं आणि दहा इंचांमुळे ते मागे पडत होतं. शेवटी चेअरमननी तोडगा काढला: दहा इंचांचं वेगळं मासिक शुल्क. तेव्हापासून माझ्या मेंटेनन्सच्या बिलात ‘वाढीव पार्किंग (शेपूट)’ अशी एक ओळ छापून येते. सेक्रेटरी म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये दुसरा शब्द बसत नव्हता.

लांबीचं असं मिटलं. रुंदीचं मिटणारं नाही. दोन्ही बाजूंना पिलर. २.३ मीटरमधून १.८५ मीटर गाडी वजा केली की दोन्हीकडे मिळून दीड फूट उरतो, म्हणजे एकेका दाराला पाऊण. एवढ्या फटीतून माझी मुलगी बाहेर येऊ शकते. मी येऊ शकत नाही. त्यामुळे आमच्याकडे गाडीतून उतरायचा एक विधी झाला आहे. सगळे फाटकाशीच उतरतात. मी एकटा गाडी आत घेतो, नाक भिंतीकडे, शेपूट वाटेकडे. आरसे मिटतात, सेन्सर केकाटायला लागतात, समोरच्या पडद्यावर आकाशातून पाहिल्यासारखी माझीच गाडी दिसते, दोन्ही बाजूंचे पिलर दिसतात, आणि मागे हात हलवणारा वॉचमन दिसतो. पडदा म्हणतो थांबा, वॉचमन म्हणतो, “आने दो साब, आने दो.” ऐकायचं पडद्याचं, पण दिवाळीला पोस्त वॉचमनला द्यायचं असतं, म्हणून मी एक इंच त्याच्याखातर पुढे जातो.

मग इंजिन बंद करायचं, चपला हातात घ्यायच्या, दोन कॅप्टन सीटच्या मधून, बाबांना जिथे चौथी सीट दिसली होती तिथून, रांगत मागे जायचं. तिसऱ्या रांगेतली एका बाजूची सीट एरवी पाडूनच ठेवलेली असते. तिच्यावरून सरपटत डिकीपर्यंत पोचायचं. या प्रवासात गुडघ्याला चिवड्यातले शेंगदाणे टोचतात. मुलांना विचारलं तर मुलं साफ नाही म्हणतात. डिकीशी पोचलं की चावीवरचं बटण दाबायचं. दार विजेवर चालतं; ते अत्यंत संथपणे, नाटकाचा पडदा वर जावा तसं वर जातं, आणि आत मी गुडघ्यांवर, हातात चपला. समोर हमखास दुसऱ्या मजल्यावरचे काका असतात. “आलात?” असं ते विचारतात.

एवढी मोठी गाडी घेऊन मी तिच्यातून बाहेर पडतो तो सामानासारखा. तिसऱ्या रांगेचा मला असलेला अनुभव हा एवढाच, पोटाकडून.

हे झालं गाडी उभी असतानाचं. चालताना ती फार हुशार आहे. पुढच्या जाळीआड रडार आहे, काचेच्या वर कॅमेरा आहे, आणि दोघं मिळून माझ्यावर नजर ठेवून असतात. समोरचं वाहन जवळ आलं की गाडी स्वतःहून ब्रेक लावते. ज्यांनी ही सोय शोधून काढली त्यांच्या देशात दोन गाड्यांच्या मधे जागा असते. एस. व्ही. रोडवर तशी जागा दिसली की तिच्यात रिक्षा येते. मग गाडी दचकते, मागची सगळी माणसं पुढे येतात, आणि रिक्षावाला वळून माझ्याकडे बघतो ते मीच घाबरट असल्यासारखा. पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरतं. पट्टे आहेत तिथे खड्डे चुकवताना थरथरतं, आणि खड्डे नाहीत तिथे पट्टेच नसल्यामुळे गप्प राहतं. जास्त वेळ चालवली की पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र येतं, म्हणजे थोडी विश्रांती घ्या. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आई मागून म्हणाली, “बघ, गाडीसुद्धा चहाचं विचारते. तुझ्या बाबांनी कधी विचारलं नाही.”

दसऱ्याला या रडारची आणि आमच्या धर्माची गाठ पडली. आईने झेंडूचा भरघोस हार पुढे बांधला, खाली लिंबू-मिरची, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. वझिऱ्याच्या गणपतीला जाऊन यायचं होतं. गाडी सुरू करताच पडद्यावर लाल अक्षरं: पुढचं रडार झाकलं गेलं आहे, सुरक्षा यंत्रणा बंद आहे, कृपया अडथळा दूर करा. मी उतरून हार थोडा सरकवला. मग रडार चालू झालं, पण लिंबू वाऱ्याने हलून दर सिग्नलला त्याच्यासमोर यायला लागलं, आणि गाडी ते कोण आलं म्हणून केकाटायला लागली. मी म्हटलं, लिंबू काढूया. आई म्हणाली, “लिंबू आपल्याला वाचवतं.” मी म्हटलं, “रडार पण आपल्याला वाचवतं.” आई म्हणाली, “मग दोघांपैकी जुनं कोण?” गाडी सुरक्षा यंत्रणेशिवाय देवळात गेली आणि सुखरूप परत आली. घरात तो लिंबाचा विजय मानला जातो.

आता कुणी म्हणेल, रोज चालवत असाल. रोज मी मेट्रोने जातो. माझं ऑफिस अंधेरीला आहे, बोरिवली पश्चिमेला मेट्रो पकडली की थेट अंधेरी पश्चिम. लिंक रोडवर खाली मोठमोठ्या गाड्या एकेका माणसाला घेऊन उभ्या असतात, आणि वरून त्यांची काचेची छपरं फार छान दिसतात. सुरुवातीला हौसेने गाडी नेली होती. तेव्हा अंधेरीत गोखले पुलाचं प्रकरण चालू होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पूल बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू नव्याने उघडली, आणि उघडल्यावर लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला पूल खाली राहिला आहे. दोन पूल समोरासमोर, पण एकमेकांच्या डोक्याशी आणि कमरेशी. ऑफिसात मला विचारलं गेलं, “तुझी एसयूव्ही आहे ना? चढत नाही का?” शेवटी जॅक लावून बर्फीवाला पुलाचा तो भाग वर उचलला आणि जुलैमध्ये दोन्ही जोडले. पंक्चर झालेल्या गाडीला जॅक लावताना सगळ्या जगाने पाहिलं आहे. पुलाला जॅक लावलेला पाहायचं भाग्य अंधेरीकरांचं. मी मात्र तेवढ्यात मेट्रोचा पास काढला होता.

तेव्हा या गाडीचं खरं काम वर्षातून एकदा: गणपतीला गावी जाणं. गाव संगमेश्वर तालुक्यात. त्या पहाटे गाडीत कोण कुठे बसतं, यावरून आमच्या घराची घटना लिहिता येईल. बाबा पुढे, माझ्या शेजारी, कारण त्यांना रस्ता माहीत आहे. ‘मुंबई–गोवा महामार्गाचं रुंदीकरण’ ही पाटी २०११ पासून पाहत आल्यामुळे त्यांना रस्त्यापेक्षा वळसे जास्त माहीत आहेत. मधल्या रांगेत एका खुर्चीत आई, कारण गुडघे. दुसरीत आत्या, कारण मान. आत्याला गुडघ्यांचा काही त्रास नाही, ती पर्वतीसुद्धा चढते. पण तिला मागे बसवलं असतं तर ते तिने कुणाच्या बारशापर्यंत लक्षात ठेवलं असतं ते सांगता येत नाही. उरली तिसरी रांग. तिथे मुलगी, मुलगा आणि बायको. “कर्जाच्या कागदावर सहअर्जदार म्हणून माझी सही आहे,” ती मागे चढताना म्हणाली, “आणि मी डिकीत.”

मी चालक. मालकाला गाडीत जागा निवडायची नसते.

घोडबंदर रोड संपेपर्यंत बाबांनी मला तीन लेन बदलायला लावल्या. पडद्यातली बाई सांगे डावीकडे, बाबा सांगत सरळ. बाबांचं म्हणणं, तिने हा रस्ता पाहिलेला नाही. पेणच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली, पुढच्या प्रत्येक काचेवर गणपतीचा टोलमाफीचा पास आणि प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेला चिकटलेला मखराचा थर्माकोल किंवा पुठ्ठा. मधल्या रांगेत आत्याने पाय ठेवायची फळी वर केली. त्याबरोबर खुर्ची मागे सरकली आणि तिसऱ्या रांगेतून मुलाचा आवाज आला, “आजी, माझा पाय.” आत्या म्हणाली, “कुठे ठेवला होतास?” तिच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. नंतर तिने लाडवांचा डबा उघडला. डबा आईकडे, आईकडून बाबांकडे, बाबांकडून माझ्या तोंडात, असा पुढे फिरला. पाण्याची बाटली, ओली फडकी, गोळ्या, सुपारी, सगळी देवघेव मधल्या रांगेतून. आई आणि आत्या दिवसभर वाढत होत्या. बिझनेस क्लास म्हणतात तो त्यात बसलेल्यांच्या वाट्याला आलाच नाही.

माणगावच्या गर्दीत गाडी थांबली तेव्हा मी आरशात मागे पाहिलं. मुलं कानात इअरफोन घालून आपापल्या पडद्यांत. बायको गाढ झोपलेली. वडखळला बाबांनी आणि पडद्यातल्या बाईने जे भांडण केलं, त्यातला एक शब्दही तिच्यापर्यंत गेला नव्हता. लाडवांचा डबा मागे पोचत नव्हता, तसाच “अगं, ते जरा दे गं” सुद्धा पोचत नव्हतं. घरातून निघाल्यापासून तिला कुणी काही मागितलं नव्हतं. गावी पोचल्यावर आत्या पाठ धरून उतरली, आई पाय चोळत, आणि बायको मात्र नुकतीच आंघोळ केल्यासारखी ताजी. मी तिला विचारलं, “फार त्रास झाला का गं मागे?” ती म्हणाली, “हो ना, फार.” आणि ओटीवर निघून गेली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

परतीला आत्या गावीच राहिली. मधली खुर्ची मोकळी झाली. ती बायकोला मिळेल असं कुणालाही वाटेल. पण तिथे नारळांचं पोतं बसलं, कारण मागे ठेवलं की ते गडगडतं. बसलं म्हणजे अक्षरशः बसलं. मुंबईत वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसणाऱ्यांनाही सीटबेल्ट सक्तीचा केला, आणि आमची गाडी कायद्याच्याही एक पाऊल पुढे आहे. सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही, एवढंच तिला कळतं. ते वजन आत्याचं की नारळांचं हे कळत नाही. संगमेश्वर सोडल्यापासून टिंग टिंग सुरू झालं. बाबा म्हणाले, पट्टा बांधा त्याला. मुलाने पोत्याला पट्टा बांधला. पुढे चिपळूणच्या आधी एका नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली, आत वाकून पाहिलं, पट्टा बांधून ताठ बसलेल्या पोत्याकडे बघितलं, मग पट्टा पाठीमागून अडकवून बसलेल्या आईकडे बघितलं, आणि म्हणाला, “आजी, निदान त्याचं बघून तरी बांधा.”

मी बायकोला म्हटलं, “पोतं खाली ठेवू या, तू ये मधे.” ती मागून म्हणाली, “असू दे हो. नारळ देवाचे आहेत.”

गाडी पुन्हा स्टिल्टखाली उभी राहिली. मी मेट्रोने जाऊ-येऊ लागलो. काका अधूनमधून दहा इंच जागेवर आहेत ना ते बघून जात. घरात दोन बेडरूम आणि सहा माणसं. त्यात संध्याकाळी हॉलमध्ये बाबांच्या बातम्या, एका खोलीत मुलाचा क्लास, दुसऱ्या खोलीत मुलीचे फोन, आणि स्वयंपाकघरात आई आणि कुकर. या घरात निवांतपणा हवा असेल तर तो भाड्याने घ्यावा लागेल. याच सुमाराला गाडीची दुसरी चावी मधेच नाहीशी व्हायला लागली. संध्याकाळी खिळ्यावर नसायची, रात्री असायची. मी मुलावर संशय घेतला, त्याने बहिणीवर, तिने आजोबांवर. आजोबा म्हणाले, “मला काय करायची आहे? तिच्यात चौथी सीट नाही.”

एका शनिवारी टीव्हीवर मॅच आणि बातम्या यांच्यात रिमोटयुद्ध पेटलं तेव्हा मी सरळ खाली उतरलो. एवढी आलिशान गाडी आपली, तीन रांगा, गुबगुबीत सीटा, दारं लावली की बाहेरचा आवाज नाही. तिच्यात जाऊन स्वस्थ बसायला काय हरकत आहे? पिलरमुळे बाजूची दारं उघडण्याचा प्रश्नच नव्हता. मी वाटेच्या बाजूने शेपटीशी गेलो आणि बटण दाबलं. दार नेहमीसारखं संथपणे वर जायला लागलं. आधी दोन पावलं दिसली, पाडलेल्या सीटवर लांब केलेली. मग चिवड्याचा वाडगा. मग मोबाइलवर चाललेलं नाटक. आणि शेवटी, पाठ टेकून, कानात घालून, माझी बायको.

गाडी उभी असली की डिकी हेच दार, आणि तिसरी रांग हीच पहिली रांग. हे तिला कळलं होतं, मी मात्र तेवढ्याच वाटेने पोटावर येत-जात होतो.

तिने एका कानातला इअरफोन काढला. दचकली वगैरे अजिबात नाही.

“तू रोज येतेस?” मी विचारलं.

“रोज नाही हो. सोमवारी तुमच्या आईचा उपास असतो, तेव्हा स्वयंपाक लवकर होतो. मंगळवारी लेकीची गाणी असतात, तेव्हा वर बसवत नाही. बुधवारी...”

“बरं बरं. जरा सरक. मी पण बसतो.”

तिने माझ्याकडे पाहिलं, पाडलेल्या सीटकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं.

“इथे जागा नाही,” ती म्हणाली. “तुम्ही पुढे जाऊन बसा. आणि जाताच आहात तर एसी लावा.”